साहेबांची खुर्ची

प्रिय साहेब,

वेदांत हे तुझं पाळण्यातलं नाव, पण मी तुला कधी त्या नावानं हाक मारली का? गाडीतल्या त्या सीटवर तुला पट्टे लावून बसवलं की तू असं काही तोंड करायचास, की मला आमच्या डेपोतले कंट्रोलर साहेब आठवायचे. गाडी लेट आली की ते असेच बघायचे. तेव्हापासून तू साहेब आणि ती सीट म्हणजे साहेबांची खुर्ची.

अकरा महिन्यांच्या माणसाला कुणी पत्र लिहितं का? तुला कुठं वाचता येत होतं! तरी लिहितोय. दोन वर्षं जे जिवंत माणसांपुढं तोंडातून निघालं नाही, ते आधी तुझ्यापुढं काढून बघतो.

आजच का? तर साहेब, तुम्हाला बहीण झाली. तीन दिवस झाले. आज दुपारी तिला दवाखान्यातून घरी आणायचंय. काल तुझा बाप, आमचा प्रशांत, मला म्हणाला, "आबा, सीट तुम्हीच बसवा. तुम्हाला जमतं." सकाळी माळ्यावरून तुझी खुर्ची काढली, पुसली आणि गाडीच्या मागच्या सीटवर पट्ट्यानं आवळून बसवली. पुसताना गादीच्या खाचेत खारकेचा तुकडा सापडला. तुझ्या दोन दातांनी अर्धवट चावलेला. तो समोर टेबलावर ठेवलाय आणि मी लिहायला बसलोय.

तर ऐक. त्या दिवशी तुझी सीट गाडीतून मी काढली. तुझ्या मामानं नाही. मी.

बघ, लिहायला एवढीशी तर ओळ आहे. मग दोन वर्षं का लागली?

ही सीट तुझ्या आईनं, मेघानं, तुझ्या जन्माआधीच स्वतःच्या पगारातून आणली होती. तेव्हा मी काय हसलो होतो! मूल बसवायचं तेसुद्धा पाठमोरं, गाडीच्या तोंडाकडं पाठ करून. मी म्हणालो, "एकतीस वर्षं एसटी चालवली, असा उलटा बसलेला प्रवासी मी बघितला नाय." तुझी आजी तोंडाला पदर लावून हसली. मेघा हसली नाही. ती म्हणाली, "आबा, एवढ्याशा लेकराची मान कच्ची असते. धक्का बसला तर पाठ टेकलेली बरी." मी म्हणालो, "माझ्या गाडीला धक्का बसतच नाय." एकतीस वर्षांत एक ओरखडा नाही, हा माझा तोरा होता. निवृत्त झालो तेव्हा डेपोनं हार घातला होता. तो फोटो अजून भिंतीवर आहे आणि त्याच्या शेजारी आता तुझा आहे.

तुला मात्र ती खुर्ची आवडायची. पट्टा लावला की दोन मिनिटं कुरकुर, मग गप्प. पाय हलवत मागच्या काचेतून रस्ता बघायचास. मला आरशात तुझं टक्कल तेवढं दिसायचं. टक्कल कसलं, जावळ होतं ते. मऊ, मागं झिजलेलं.

त्या जावळाचाच दिवस होता. वेरूळला, घृष्णेश्वरापाशी काढायचं ठरलं होतं. जावळ काढताना लेकरू मामाच्या मांडीवर बसवायचं, ही आपल्याकडची रीत. म्हणून संतोषमामा आदल्या दिवशीच सोयगावहून आला होता, सोबत तुझी सोयगावची आजी. तुझ्यासाठी चांदीची वाटी आणि चमचा आणला होता. मामाचे हात आठवतात का तुला? कापसाच्या गाठोड्याखाली खांदा घालून एकटा उचलतो तो माणूस. तुला मात्र दोन्ही तळव्यांवर असं धरायचा, की आम्ही सगळे त्याला हसायचो.

सकाळी कोण कशात बसायचं ते मेघानंच ठरवलं होतं. मी गाडी चालवायची, पुढं तुझी आजी. मागं ती, तिची आई आणि मध्ये तू, तुझ्या खुर्चीत. प्रशांत आणि संतोष मोटारसायकलवर. सगळे बसत होते रे! एकही माणूस जास्तीचा नव्हता. हे मी नंतर कितीदा बोटांवर मोजलं असेल.

पण मला ते पटलं नाही. ज्याच्या मांडीवर जावळ निघायचं, त्या मामानं आज मोटारसायकलवर मागं बसून धूळ खात यायचं? सोयगावचे लोक काय म्हणतील? व्याह्यांनी मामाचा मान ठेवला नाही म्हणतील! मी संतोषला हाताला धरून गाडीपाशी आणलं. "आज तू पुढं बसायचं. मानाची जागा तुझी."

तो म्हणाला, "नाय आबा, मी जातो की दाजींसंगं. लेकराची सीट हाय मागं, जागा कुठं व्हायची?"

"सीट काय आभाळातून पडली का? काढली की झाली जागा," मी म्हणालो आणि काढलीच. पट्टा सोडला, सीट उचलली आणि ओट्यावरच्या खाटेवर ठेवली. गाडीच्या सीटच्या पटरीचं वंगण हाताला लागलं म्हणून नळावर गेलो. तेवढ्यात मेघा पूजेचं ताट घेऊन बाहेर आली.

"सीट कुणी काढली?"

तिचा आवाज चढला होता. संतोषनं माझ्याकडं बघितलं. एकदाच. मी काय केलं ठाऊक आहे, साहेब? मी नळावरून गाडीपाशी आलो, खाली वाकलो आणि चाकात हवा बघायला लागलो. एकतीस वर्षांची नोकरी केलेला माणूस, सुनेच्या एका प्रश्नाला घाबरून टायर चेपून बघत होता!

संतोष म्हणाला, "मी काढली, ताई. मीच घेतो की त्याला मांडीवर. जावळाला तर माझीच मांडी लागती."

का म्हणाला तो असं? बहिणीचा सासरा चारचौघांत खोटा पडू नये म्हणून. कार्याच्या दिवशी बहिणीची सासऱ्याशी बोलाचाली होऊ नये म्हणून. दुसरं काय! बहिणीच्या घरी पाहुणा आलेला भाऊ असाच वागतो, आणि आपण त्याला चांगल्या घरचा म्हणतो.

मेघा म्हणाली, "जपून धर मग."

"माझ्या हातातून कसा सुटंल?" तो हसून म्हणाला. हे वाक्य त्यानं किती सहज म्हटलं होतं.

मी "मी काढली" म्हणालो असतो तर? मेघा मला तोंडावर काही बोलली नसती. पण आत जाऊन प्रशांतला बोलली असती, आणि त्यानं गुपचूप सीट परत बसवली असती. आधीही मी काढलेली सीट तिनं अशी दोनदा बसवून घेतली होतीच. भावाचा शब्द होता म्हणून ती एवढ्यावर थांबली. माझ्या गप्प बसण्यानं शेवटची वाट बंद झाली, साहेब.

पडेगाव गेलं, मिटमिटा गेलं. संतोष पुढं माझ्या शेजारी, त्यानं पट्टा लावला होता आणि पट्ट्याच्या पुढं तू. तुला समोरची काच पहिल्यांदाच मिळाली होती. काय खूश होतास! दोन्ही हात पुढं टाकून थापट्या मारत होतास. मी म्हणालो, "साहेब आज केबिनमध्ये बसलेत." हे मी तुझ्याशी बोललेलं शेवटचं. थट्टाच होती.

दौलताबादच्या अलीकडं पेरूवाले बसतात. माझ्या पुढची जीप पेरू दिसले म्हणून एकाएकी थांबली. मी ब्रेक मारला. चांगला मारला, वेळेवर मारला. गाडी घसरत जाऊन जीपला मागून लागली, बास एवढंच. चाळिसाच्याही आत होतो. मागं तुझी आजी कपाळ चोळत होती, ताटातलं कुंकू सांडलं होतं. जीपवाला तर पेरूचे पैसे हातात घेऊनच खाली उतरला.

पण पुढून ती पिशवी फुटली. एअरबॅग. माझ्या एसटीत ती नव्हती, माझ्या डोक्यातही नव्हती. मोठ्या माणसाच्या छातीला वाचवायला ती असते म्हणे. तिच्या आणि मामाच्या मधे तू होतास.

पुढचं मी लिहिणार नाही. तुला माहीत आहे. तू रडलासुद्धा नाहीस.

संतोष तुला धरून रस्त्यावर बसला होता. "मी सोडला नाय, आबा. मी सोडला नाय," एवढंच म्हणत होता. खरंच त्यानं सोडलं नव्हतं. पण कुणाच्या हातात ते असतं का? मला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे! रोज ओरडायचो गाडीत, "दांडी धरा, दांडी धरा, ब्रेक लागला की पुढं याल!" धडधाकट माणसं काचेपर्यंत येताना आरशात बघितलीत मी. एकतीस वर्षं परक्यांना ओरडून सांगितलं आणि घरच्या लेकराला पुढं बसवलं, तेही हौसेनं.

दवाखान्यात तुझ्या आईनं संतोषला बघितलं आणि ती जे बोलली ते मी तुला सांगू की नको? सांगतो, कारण तो शब्द माझ्या वाट्याचा होता, त्याला लागला. ती म्हणाली, "तुझे हात झडोत." सगळ्यांपुढं. तो खाली मान घालून उभा राहिला. मी त्याच्यापासून चार हातांवर होतो.

पोलिसांनी जबाब घेतला. वेग किती, ब्रेक कुठं मारला, अंतर किती होतं. सीट कुणी काढली, हे त्यांनी विचारलं नाही. लोक घरी येऊन म्हणायचे, आबांसारखा ड्रायव्हर होता म्हणून बाकीचे वाचले. मी ऐकून घ्यायचो. चहा प्यायचो त्यांच्याबरोबर!

स्टिअरिंगला मात्र त्यानंतर हात लावला नाही. प्रशांतच चालवतो.

आणि मग मी काय झालो माहीत आहे? कॉलनीचा शहाणा. कुणी पोराला पुढं मांडीवर घेऊन बसलेलं दिसलं की आडवा जातो. कुणी सीट आणली की बोलावतात, आबा बसवून द्या. कोणता पट्टा कुठून घालायचा, किती आवळायचा, सगळं शिकलो मोबाइलवर बघून. पोरं मला सीटवाले आबा म्हणतात. नऊ घरांच्या गाड्यांत मी सीट बसवल्यात. दुनियेला शिकवत फिरतोय आणि घरात एक वाक्य बोलायची छाती नाही. तू असतास तर मोठा झाल्यावर असल्या आजोबाला काय म्हणाला असतास?

मेघानं दोन वर्षांत भावाला राखी बांधली नाही. सोयगावला गेली नाही. माझ्याशी मात्र नीट वागते रे. वेळेवर गोळ्या देते, ताट आधी माझं वाढते. प्रत्येक घास मी तिचा विश्वास खातोय, हे मला समजत नाही का?

परवा संतोष आला होता दवाखान्यात. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतिणीसाठी जे जे लागतं ते एका डब्यात भरून. मेघानं आतूनच सांगितलं, "त्याला म्हणावं, माझ्या लेकराला हात लावायचा नाय. हिचं जावळ करणार नाय मी, अन् केलंच तर मामा नको." दार उघडंच होतं. त्यानं सगळं ऐकलं. डबा बाकड्यावर ठेवला आणि मला एवढंच विचारलं, "आबा, गाडीत सीट बसवली का?"

मी त्याच्या मागं बसस्टँडपर्यंत गेलो. म्हणालो, "संतोष, तू खरं का सांगत नाहीस?"

तो माझ्याकडं बघायलाच तयार नव्हता. "मला वाटलं तुम्ही बोलाल. त्याच दिवशी वाटलं. तिसऱ्याला वाटलं, दहाव्याला वाटलं. मग म्हटलं, जाऊ द्या. ताईला तुमच्या घरात राहायचंय, आबा. रोज तुमच्यापुढं ताट वाढायचंय. मी काय, सोयगावला असतो. माझ्यावरचा राग तिला लांबून करता येतो."

साहेब, माझ्या वयाच्या निम्म्या वयाचा पोरगा आहे तो! मी म्हणालो, "मी सांगतो तिला." तर घाबरला. "आता नका, ओली बाळंतीण हाय. आता मला सवय झालीय." बस लागली आणि तो चढला. दांडीला धरलेले त्याचे हात मला खालून दिसत होते.

ओली बाळंतीण आहे, हे खरंच आहे. पण नेहमी काहीतरी कारण असणारच. आधी दुःख ताजं होतं, मग ती गरोदर होती, आता बाळंतीण. पुढं बारसं येईल. आज त्या खुर्चीत दुसरं लेकरू बसायचंय आणि तिच्यावर माझं खोटं बसलेलं आहे. ते आधी उतरायला हवं.

साडेअकरा वाजलेत. प्रशांत हॉर्न वाजवतोय. बाकीचं आल्यावर लिहितो.

*

आलो. संध्याकाळचे सहा झालेत. तुझी बहीण आत पाळण्यात झोपली आहे. तुझ्यासारखंच नाक आहे.

सांगितलं.

प्रशांत औषधं आणायला खाली गेला होता. खोलीत मेघा, मांडीवर बाळ, आणि तुझी आजी. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "मेघा, त्या दिवशी सीट मी काढली होती. संतोषनं नाही. त्यानं माझ्यासाठी अंगावर घेतलं आणि मी घेऊ दिलं."

तुझ्या आजीच्या हातातली पिशवी खाली पडली. तिलाही कुठं माहीत होतं?

मेघा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. बाळाच्या तोंडावरचा पदर तिनं नीट केला. मग म्हणाली, "तुम्ही तेव्हा नळावर हात धूत होतात."

"हो."

"मी बघितलं होतं. वंगण लागलं होतं तुमच्या हाताला. मी विचारलंच नाय, कायचं ते." मग तिचा आवाज फुटला. "मी त्याला हात झडोत म्हणाले, आबा! माझ्या भावाला! दोन वर्षं तुम्ही माझ्या हातचं जेवायलात, अन् तुम्हाला एकदा बी वाटलं नाय?"

वाटलं होतं असं मी म्हणालो नाही. त्याचा तिला काय उपयोग?

तिनं आजीकडून फोन घेतला आणि संतोषला लावला. त्यानं उचलला. ती "संतू" एवढंच म्हणाली. फोन कानाला लावून ती नुसती रडत राहिली, तिकडून तोही रडत असणार. मी बाहेर येऊन बाकड्यावर बसलो. प्रशांत आला, आत गेला, परत बाहेर आला. माझा पोरगा माझ्यासमोरून गेला आणि माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

दुपारी खाली गाडीपाशी आलो. आजीनं अवघडून सांगितलं, "यांनी सकाळीच बसवलीय सीट. चांगली घट्ट बसवलीय."

मेघा म्हणाली, "मी बघते."

बाळ तिनं आजीकडं दिलं. टाके ताजे आहेत तिचे, वाकताना ओठ चावत होती. दोन्ही हातांनी सीट धरली आणि हलवली. इकडं हलवली, तिकडं हलवली, अंगातला सगळा जोर लावून हलवली. प्रशांत "पुरे" म्हणाला तरी थांबली नाही. सीट जागची हलली नाही. मग तिनं स्वतः बाळाला ठेवलं, पट्टे लावले, पट्ट्याखाली बोट घालून बघितलं. सगळं झाल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुम्ही रिक्षानं या."

मी रिक्षानं आलो. घरी आल्यावर आज माझं ताट आजीनं वाढलं.

माफी मी मागितली नाही, साहेब. ती देऊन टाकेल कदाचित, तसे संस्कार आहेत तिचे. आणि मग मी परत निवांत जेवायला लागेन. तसं नको. तुझ्याकडंही मागत नाही. अकरा महिन्यांच्या लेकरानं कुणाला माफ करायचं असतं का? तुला तर अजून कुणावर रागावता येत नव्हतं.

एवढं कबूल करतो. तुझ्या बहिणीचं जावळ व्हायचं असेल तर मामाच्याच मांडीवर होईल, आणि ती मांडी देवळाच्या पायरीवरच. वाटेत नाही. जागा कमी पडली तर मी बसनं येईन, दांडी धरून उभा. कुणी पाहुणा रुसला, व्याही रुसला, देव रुसला तरी ती खुर्ची गाडीतून निघणार नाही. आणि तुझी बहीण मोठी झाल्यावर विचारेल, दादा कसा गेला? तेव्हा घरातले सगळे गप्प बसतील. मी नाही बसणार. सीट कुणी काढली होती, ते तिला पहिल्यांदा माझ्या तोंडून कळेल.

खारकेचा तुकडा मघाशी तुझ्या आईला नेऊन दिला. तिनं घेतला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

तुझा,
आबा